चेन्नईत धुकं पडलं तेव्हा

सांगोल्याहून चेन्नईला जाऊन आलेली माणसं आमच्या गल्लीत फार नाहीत. त्यामुळे परत आल्यापासून मला दोनच प्रश्न विचारले जातात. एक, रोज इडली खाऊन कंटाळा नाही का आला? दोन, तू तिथं नक्की करत काय होतास? पहिल्याचं उत्तर सोपं आहे, नाही आला. दुसऱ्याचं उत्तर द्यायला लागलो की ऐकणारा मध्येच हसायला लागतो आणि गोष्ट अर्धी राहते. म्हणून एकदा सगळं लिहूनच काढतो.

मी पुण्यातल्या एका लहानशा कंपनीत इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे आणि मी काय शिकलो ते त्यांना अजून नीटसं सांगता आलेलं नाही. ते लोकांना सांगतात, "पोरगा दिव्यांचं काम करतो." तेही खरंच आहे. आमची कंपनी मोठ्या रस्त्यांवर लावायच्या दिव्यांच्या पाट्या बनवते. पुढे पाऊस आहे, वारा आहे, धुकं आहे, हे गाडीवाल्यांना सांगणाऱ्या पाट्या. सांगणारा माणूस नसतो, पाटी आपली आपणच सांगते.

अशी एक पाटी चेन्नईत प्रयोग म्हणून लावायची होती. आमचे साहेब म्हणाले, "तू जा. नवरात्रात जा, पाटी लाव, ती चालते हे दाखव, तिथल्या रस्तेवाल्यांच्या इंजिनिअरची सही घे आणि ये. सहीशिवाय येऊ नकोस."

त्याच संध्याकाळी घरी फोन केला. माझ्या धाकट्या बहिणीचं, सुमनचं, लग्न नुकतंच झालं होतं आणि ही तिची पहिली दिवाळी. जावई दिवाळसणाला येणार, घरात नुसती धांदल.

"दादा, भाऊबीजेला असशील ना?" ती म्हणाली.

"त्याच्या आधीच येतो. एका सहीचं तर काम आहे."

"नाही आलास तर मी पुढच्या वर्षीपर्यंत बोलणार नाही. आणि हे एसटीत आहेत, भाऊबीजेच्या संध्याकाळी आम्हाला निघावंच लागेल. दुसऱ्या दिवशी पहाटे यांची ड्युटी आहे."

एका सहीला किती वेळ लागतो, असं मला तेव्हा वाटत होतं.

एग्मोर

गाडी एग्मोरला पोहोचली आणि मी स्टेशनसमोरच्याच एका लॉजमध्ये खोली घेतली. खाली खानावळ होती. मी हिंदीत जेवण मागितलं. वाढप्यानं इंग्रजीत विचारलं, कुठलं जेवण. माझं इंग्रजी सांगोल्याच्या शाळेत शिकलेलं, त्याचं कुठल्या तरी तिथल्या शाळेत. दोघांनीही एकमेकांचं इंग्रजी अत्यंत आदरानं ऐकून घेतलं आणि शेवटी केळीच्या पानावर भात आला. भातावर सांबार, मग भात, मग रसम, मग पुन्हा भात, मग ताक. चपातीची वाट पाहत मी पहिल्या भाताला हात आखडता घेतला, ही चूक झाली. चपाती नव्हतीच. दुसऱ्या दिवसापासून पहिल्या भातापासूनच मन लावून जेवू लागलो.

कॉफीचं मात्र कौतुक करायला हवं. एका पसरट वाटीत उभा पेला ठेवून आणतात आणि आपण वरून खाली, खालून वर ओतत थंड करायची. शेजारचा माणूस हातभर उंचीवरून एक थेंबही न सांडता ओतत होता. मी त्याच्याकडे पाहत ओतली आणि शर्टावर घेतली. त्यानं आपला रुमाल पुढे केला. इतकी वर्षं झाली, ती धार मला अजून जमत नाही.

पेरुंगुडीच्या पुढे

काम होतं पेरुंगुडीच्या पुढे, जुन्या महाबलीपुरम रस्त्यावर. रस्ता रुंद करणं चाललं होतं. एका बाजूला काचेच्या कंपन्या उठत होत्या, दुसऱ्या बाजूला दलदल आणि पाणपक्षी. पाटीची कमान तयार होती. कमानीच्या सावलीत चेल्लम्मा नावाच्या बाईंची वड्यांची आणि चहा-कॉफीची टपरी होती. सावली नवी मिळाल्यामुळे बाई कमानीवर खूश होत्या, पाटीशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

ज्यांची सही घ्यायची ते रस्तेवाल्यांचे इंजिनिअर म्हणून जे गृहस्थ आले ते साठीला टेकलेले, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका, पायात चपला. माझं नाव-गाव इंग्रजीत विचारलं. सोलापूर जिल्हा म्हटल्यावर थांबले आणि मराठीत बोलू लागले.

"तुम्ही तिकडचे की? बैसा. जेवण जालें?"

मी चक्रावलो. शब्द मराठी, पण चाल तमिळ, आणि भाषा अशी की शाळेत बखरीचा उतारा यायचा, तो उठून समोर बसावा. पांडुरंगराव त्यांचं नाव, तंजावरकडच्या मराठी घराण्यातले. त्यांचे पूर्वज कधी काळी तिकडे गेले ते तिथलेच झाले. घरात अजून मराठी बोलतात.

"आमची मराठी ऐकोन तुम्हांस हसूं येतें, ठाऊक आहे," ते म्हणाले.

"नाही हो. मी शाळेत मराठीत पहिला होतो," मी म्हणालो.

"मग तर तुम्हांस अधिक हसूं येईल."

मी हसलो नाही. त्या शहरात कुणीतरी "जेवण जालें?" विचारलं, याचंच मला इतकं बरं वाटलं होतं.

काम सुरू झालं. मी शिडीवर चढू लागलो तसे खालून सगळे ओरडायला लागले, "मेदुवा, सार, मेदुवा." मी वरूनच हात जोडून म्हणालो, "नको, नको, पोट भरलंय." खालचे एकमेकांकडे बघू लागले. मग पांडुरंगरावांनी त्यांना तमिळमध्ये काहीतरी सांगितलं आणि असा हशा उठला की शिडी हलली.

"अहो, मेदुवा म्हणजे वडा नव्हे," पांडुरंगराव खालून म्हणाले. "मेदुवा म्हणजे हळू. मेदु म्हणजे मऊ. वडा मऊ, तो मेदुवडा. चालणें मऊ, तें मेदुवा."

त्या दिवसापासून आमचा ड्रायव्हर सेल्वम मला रोज सकाळी गंभीर चेहऱ्यानं विचारायचा, "सार, मेदुवा?" आणि मीही गंभीरपणे सांगायचो, "दोन. चटणी वेगळी."

आता पाटी कशी चालते ते सांगतो, कारण पुढची सगळी गंमत त्यावरच आहे. कमानीवरची पाटी हे नुसतं तोंड. तिचे डोळे आणि कान तिथून पुढे दोनेक किलोमीटरवर, दलदलीशेजारच्या सखल भागात, एका खांबावर. पाऊस आला की तिथं पाणी साठतं आणि गाड्या घसरतात. खांबावर वाऱ्यासाठी फिरणाऱ्या वाट्या. पावसासाठी एक नरसाळं, आणि त्याच्या खाली लहान मुलांच्या सी-सॉसारखी दोन पळ्यांची जोडी. एक पळी भरली की जडपणानं खाली जाते, रिकामी होते आणि दुसरी धारेखाली येते. पळी जितक्या वेळा कलंडते तितका पाऊस. खांबाच्या पायथ्याशी एक पेटी. ती या सगळ्यांची खबर घेत राहते, नेमून दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहते, आणि मर्यादा ओलांडली की पाटीला मोबाईलवरून निरोप धाडते की अमुक वाक्य लाव. वाक्यं आधीच भरून ठेवलेली असतात. वर तमिळ, खाली इंग्रजी. पावसाचं वाक्य असं: मुन्ने कनमळै, मेदुवागा सेल्लवुम. पुढे जोराचा पाऊस, हळू जा. मेदुवा तिथंही होताच.

धुक्याचा डोळा सगळ्यात नाजूक. दोन शिंगांसारखे दोन हात. एका हातातून आपल्याला न दिसणारा उजेड निघतो. दुसऱ्या हातातला डोळा त्या उजेडाकडे थेट पाहत नाही, जरा तिरका पाहतो. हवा स्वच्छ असेल तर उजेड सरळ निघून जातो आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. धुकं असेल तर त्याच्या थेंबांवर उजेड विखुरतो आणि थोडा डोळ्यात येतो. जितका जास्त येईल तितकं धुकं दाट. आमच्या शाळेत पवार सरांनी वर्गाच्या खिडक्या लावून, उदबत्तीच्या धुरात टॉर्च मारून हेच दाखवलं होतं. धूर नसताना उजेडाची वाट दिसत नव्हती, धुरात ती दांड्यासारखी दिसली. त्या उदबत्तीवर मी आज पगार घेतोय, असं मला तो खांब लावताना वाटलं.

हे सगळं मी चेल्लम्माबाईंना पांडुरंगरावांमार्फत समजावून सांगितलं. बाईंनी वडा तळता तळता ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला. पांडुरंगरावांनी तो मला मराठीत दिला.

"त्या पुसतात, पाऊस आला हें सांगावयास पाटी कशाला? डोकें बाहेर काढिलें की समजतें."

"पण पाऊस पुढे असतो ना. इथं नसतो."

त्यावर बाई जे म्हणाल्या त्याचं भाषांतर करायला पांडुरंगरावांना जरा वेळ लागला. "त्या म्हणतात, मग पुढें गेल्यावर डोकें काढावें."

आयुधपूजा

आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रपूजा करतात, तिकडे नवमीला आयुधपूजा. वडील दुकानात पंप, पाने आणि पंक्चरचं सामान मांडून त्यावर झेंडू वाहतात, त्यामुळे मला ते घरचंच वाटलं. फक्त तिकडे प्रमाण मोठं. बस, लॉरी, रिक्षा सगळ्या धुतलेल्या, चंदन-कुंकू लावलेल्या, चाकाखाली लिंबं. रस्त्यावर पांढरे कोहळे फोडलेले, त्यामुळे चालायचं तेही मेदुवा. पूजा झाल्यावर सगळ्यांना गूळ आणि चुरमुरे वाटतात. चुरमुऱ्यांना तिकडे पोरी म्हणतात. हे मी आईला फोनवर सांगितलं, "इथं पूजेनंतर सगळ्यांना पोरी वाटतात," आणि आईनं फोन वडिलांच्या हातात दिला.

आमच्या पाटीचीही पूजा झाली. कमानीला केळीचे खांब आणि चंदनाची बोटं. मग सगळे जीपमधून खांबापाशी गेलो. सेल्वम झेंडूची जाडजूड माळ घेऊन शिडीवर चढला. मी खाली शिडी धरली. माळ कुठं अडकवावी म्हणून त्यानं वर पाहिलं. वाऱ्याच्या वाट्या फिरत होत्या, नरसाळ्याला अडकवायला जागा नव्हती. पण धुक्याच्या डोळ्याची ती दोन शिंगं, ती जणू माळेसाठीच केलेली. या शिंगापासून त्या शिंगाला छान झोकात माळ बसली.

"सुपर," मी खालून म्हणालो. खरोखरच फार सुंदर दिसत होती. मी फोटोही काढला. पेटीचं बटण पूजेपुरतं बंद होतं, ते दुसऱ्या दिवशी सकाळी चालू केलं आणि सुमनसाठी साडी घ्यायला टी. नगरला गेलो.

टी. नगर

टी. नगरला आपण चालत नाही, गर्दी आपल्याला चालवते. त्या गर्दीनं मला एका साड्यांच्या दुकानात नेऊन सोडलं. चार मजले साड्यांचे. विकणाऱ्यानं विचारलं, कुणासाठी. मी म्हटलं, बहिणीसाठी. रंग? मला नुसतं "चांगला" एवढंच सुचलं. त्यानं माझ्याकडे दयेनं पाहिलं आणि एकामागून एक साड्या उलगडायला सुरुवात केली. माझ्यापुढे ढीग झाला. आईनं सांगितलं होतं काठ मोठे बघ, तेवढं आठवून मी प्रत्येक साडीचे काठ मान हलवत पाहत होतो. इतक्यात मोबाईल वाजला. पांडुरंगराव होते. मला ते आता तंबी म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ.

"तंबी, कोठें आहां?"

"साड्या बघतोय."

"साडी राहूं द्या. शाल घेऊन या. चेन्नईंत धुकें पडलें."

मी दुकानाच्या दाराबाहेर पाहिलं. ऊन असं होतं की रस्त्यावरचं डांबर चमकत होतं. पहिली हाताला आली ती, मोरपंखी रंगाची, साडी बांधायला सांगितली आणि पळालो.

पेरुंगुडीला पोहोचलो तेव्हा पाटी लांबूनच दिसली. भर दुपारी, डोक्यावर सूर्य, आणि पाटी मन लावून सांगत होती, पुढे दाट धुकं, हळू जा. कमानीखाली दोन लॉऱ्या थांबल्या होत्या. चालक खाली उतरून पाटीकडे पाहत चहा पीत होते. चेल्लम्माबाईंचा घाणा संपत आला होता. एक शहर बस आली, तिच्या चालकानं खिडकीतून डोकं बाहेर काढून आभाळ पाहिलं, मग गळ्यातला टॉवेल मफलरसारखा डोक्याला गुंडाळला आणि थंडीनं कुडकुडत असल्यासारखा गेला.

खांबापाशी गेलो. शिंगांच्या मध्ये, जिथं उजेडाची वाट आणि डोळ्याची नजर एकमेकींना छेदतात, नेमकी तिथं आमची माळ वाऱ्यावर झुलत होती. उजेड झेंडूवर पडत होता आणि झेंडूवरून डोळ्यात जात होता. डोळ्याचं म्हणणं बरोबर होतं. इतका उजेड परत येतोय म्हणजे पुढे काही दिसण्याची सोयच नाही.

सेल्वमनं माळ काढली. थोड्या वेळानं चेन्नईतलं धुकं निवळलं. पांडुरंगरावांनी माळ हातात घेतली, मला सही हवी आहे हे त्यांना ठाऊक होतं.

"देव प्रसन्न जाला असेल," ते म्हणाले. "पण लोकांचा विश्वास गेला. पाटी एकदां खोटें बोलली. आतां ती खरें बोलली तरी कोण ऐकतो?"

"मी नरसाळ्यात पाणी ओतून दाखवतो, सर. पाटी लागेल."

"पाटी लागेल हो. गाडी हळू होईल काय? पाटी लागावी म्हणोन आम्ही लाविली नाहीं. एक चालक, एकच, पाटी पाहोन ॲक्सिलरेटरवरोन पाय उचलील, ते दिवशीं मी सही करीन. खरा पाऊस पाहिजे."

"आणि पाऊस कधी?"

"येईल की. दीपावळीस येतोच."

पावसाची वाट

आपल्याकडे दसऱ्यापर्यंत पाऊस संपतो. संपतो म्हणजे आमच्या सांगोल्यात तो बऱ्याचदा सुरूच होत नाही, तरी संपतो. चेन्नईत तो दसऱ्यानंतर येतो, समुद्राकडून. दुष्काळी तालुक्यातला मी दुसऱ्यांच्या गावात जाऊन पावसाची वाट पाहत बसलो होतो. घरी सांगितलं असतं तर कुणाचा विश्वास बसला नसता.

रोज सकाळी कमानीखाली जायचं, समुद्राकडे पाहायचं, वडा खायचा. मग पाटीखालून जाणाऱ्यांचं ऐकायचं. आता सगळे आम्हाला ओळखायला लागले होते. ती शहर बस रोज यायची. चालक झुपकेदार मिशांचा होता, तो रोज टॉवेल डोक्याला गुंडाळायचा आणि कंडक्टर दारातून ओरडायचा, "सार, पनी, पनी." पनी म्हणजे धुकं. एकदा मी हातानं त्याला हळू जायची खूण केली. त्यानं मला नमस्कार केला आणि वेग वाढवला.

सुमनचे फोन सुरू झाले. "आकाशकंदील लावला. चकलीची भाजणी आणली. दादा, तिकीट काढलंस?"

"काढलंय. पाऊस पडला की निघतो."

"कुठं पाऊस?"

"इथं."

"तुझं ऑफिस काय शेतात आहे का?"

तिकीट खरंच काढलं होतं, त्यांच्या दीपावळीच्या दोन दिवस आधीचं. एग्मोरहून सोलापूरवरून दादरला जाणारी ती गाडी रोज नसते. ही चुकली तर पुढची थेट भाऊबीजेला सोलापुरात सोडणार.

निघायच्या दिवशी सकाळीही लख्ख ऊन. मी बॅग घेऊनच कमानीखाली गेलो. सही नाही, पण गाडी तर गाठायची, साहेबांना काय सांगायचं ते पुढे बघू, असं मनाशी चाललं होतं. पांडुरंगराव चेल्लम्माबाईंच्या बाकावर कॉफी घेत बसले होते. बाईंनी मला न विचारता दोन वडे दिले आणि पैसे घेतले नाहीत. जाणाऱ्या माणसाकडून घेत नाहीत म्हणे.

वडा अर्धा झाला आणि पाटी लागली. मुन्ने कनमळै, मेदुवागा सेल्लवुम.

आमच्या डोक्यावर ऊन होतं. मी उठून रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. दलदलीवर, खांबाच्या दिशेला, आभाळ जांभळं झालं होतं. पाऊस तिथं पडत होता. पळ्या कलंडत होत्या. आमच्याकडे मात्र चेल्लम्माबाईंनी वाळत घातलेल्या मिरच्या कडकडीत वाळत होत्या.

गाड्या येत होत्या आणि जात होत्या. पाटीकडे पाहून हसत होत्या. एका मोटारीतल्या मुलांनी खिडकीतून हात बाहेर काढून ऊन झेलून दाखवलं. एकही जण हळू झाला नाही. पांडुरंगराव कॉफी पीत होते. मी मनात एकेका गाडीला विनवत होतो.

मग ती बस आली. चालकानं पाटी वाचली, आम्हाला पाहिलं, आणि ठरल्याप्रमाणे टॉवेलला हात घातला. त्याच वेळी समोरून, दलदलीकडून, एक लॉरी आली. नखशिखांत भिजलेली. तिच्या टपावरून पाणी ओघळत होतं, दिवे लागलेले होते आणि काचेवरचे वायपर त्या उन्हात तसेच जोरजोरात हलत होते. ते बंद करायचं चालकाला अजून सुचलं नव्हतं.

बसवाल्यानं लॉरी पाहिली. मान वर करून पुन्हा पाटी पाहिली. टॉवेल तसाच अर्धा हातात राहिला, आणि बसचे मागचे लाल दिवे लागले. बस हळू झाली. तिच्या मागची मोटार हळू झाली. तिच्या मागची रिक्षाही.

पांडुरंगरावांनी पेला खाली ठेवला आणि जीपच्या बॉनेटवर कागद पसरून सही केली. वळणदार, लांबलचक, तमिळमध्ये.

"सर, पण तो लॉरीमुळे हळू झाला की पाटीमुळे?" मला राहवलं नाही.

"तंबी," ते म्हणाले, "सही हातीं पडल्यावर असा प्रश्न पुसूं नये."

चेल्लम्माबाईंनी काहीतरी म्हटलं. पांडुरंगरावांनी भाषांतर केलं, "त्या म्हणतात, त्यानें डोकें बाहेर काढिलें नाहीं. पाटी बरी आहे."

पुन्हा एग्मोर

सेल्वम मला जीपनं एग्मोरला सोडणार होता. निघालो आणि तो पाऊस आमच्या मागून शहराकडे आला. आधी टपोरे थेंब, मग काही दिसेनासं. सेल्वमनं वेग कमी केला, मग आणखी कमी केला. सायकलवाला आमच्या पुढे गेला.

"सेल्वम, फास्ट. ट्रेन."

"सार, बोर्डु सोल्लुच्चु," तो अत्यंत श्रद्धेनं म्हणाला. पाटीनं सांगितलंय. "मेदुवा."

"पाटी मागे राहिली. ती तिकडच्या रस्त्यासाठी आहे."

"बोर्डु करेक्ट, सार."

इतके दिवस एका तरी चालकानं माझ्या पाटीचं ऐकावं म्हणून मी तळमळत होतो. आता एकानं ऐकलं होतं, तर मी त्याला सांगत होतो की पाटीकडे लक्ष देऊ नकोस. तो ऐकायला तयार नव्हता. आजूबाजूचं सगळं शहरही त्याच वेगानं चाललं होतं. आम्ही स्टेशनात शिरलो तेव्हा फलाट रिकामा होता आणि एक हमाल निवांत बसून विडी ओढत होता.

सुमनला फोन केला. सगळं सांगितलं, शिडीवरच्या मेदुवापासून. पलीकडे ती हसायलाच लागली. हसता हसता रडली की काय, फोनवर कळलं नाही. म्हणाली, "म्हणजे तुझ्याच पाटीनं तुला अडवलं?" आणि फोन जावयांकडे गेला. ते एसटी चालवतात. ते म्हणाले, "दादा, काळजी करू नका. तुमचा ड्रायव्हर चांगला आहे. गाडी चुकली तरी चालेल, पावसात असंच चालवावं."

दीपावळीला पांडुरंगरावांनी मला घरी बोलावलं. पहाटे त्यांच्या पत्नीनं डोक्यावर तेल घातलं, जणू मी त्यांच्याच घरातला. नंतर येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारत होता, "गंगास्नानं आच्चा?" झालं का गंगास्नान. पांडुरंगराव मला मराठीत विचारत होते, "स्नान जालें?" त्यांच्याकडे दिवाळी एकाच दिवसाची. दुपारी फटाके संपले, संध्याकाळी सगळे जांभया देत होते. मी म्हणालो, आमच्याकडे अजून लक्ष्मीपूजन आहे, पाडवा आहे, भाऊबीज आहे. काकू म्हणाल्या, "येवढी दिवाळी? तरीच तुम्हांस गाडी चुकली तरी चालते."

पाडव्याला पुन्हा एग्मोर. या वेळी सेल्वम मला इतक्या लवकर घेऊन निघाला की गाडी लागायच्या आधी आम्ही फलाटावर तीन वेळा कॉफी प्यालो. पांडुरंगरावही आले होते. गाडी हलली तेव्हा खिडकीशी चालत म्हणाले, "मेदुवा जा हो, तंबी." अर्धं तमिळ, अर्धं मराठी. माझं त्यांना वाकून नमस्कार करायचं राहून गेलं, ते अजून मनात आहे.

सोलापूरला गाडी उशिरा आली. एसटी पकडून सांगोल्यात उतरलो तेव्हा दिवे लागले होते. गल्लीच्या तोंडाशी भाड्याची जीप उभी, टपावर सुमनची बॅग बांधलेली. दारावर झेंडूचं तोरण होतं. मी आत जाण्याआधी ते हातानं बाजूला करून पलीकडे पाहिलं, सवयीनंच. पलीकडे पाट मांडलेला होता. रांगोळी जरा पुसली होती, बहुतेक माझी वाट पाहता पाहता कुणाचे तरी पाय लागून.

"बस आधी," सुमन म्हणाली. "बोलायचं नंतर."

मी बसलो. मोरपंखी साडी तिच्या हातात दिली. तिनं आधी काठ पाहिले, मग मला. जावई हातातल्या घड्याळाकडे न पाहायचा प्रयत्न करत होते. ती घाईघाईनं ओवाळू लागली. ताट इतकं भराभर फिरू लागलं की निरांजनाची ज्योत आडवी व्हायला लागली.

"मेदुवा," मी म्हणालो.

ती थांबली. माझ्याकडे पाहिलं.

"एवढ्या उशिरा येतोस आणि वर वडे मागतोस?" ती म्हणाली. "वडे नाहीत. चकल्या आहेत. गप खा."

आणि ताट पुन्हा फिरू लागलं, या वेळी अगदी हळू.